चूल घेऊन आलेला पाहुणा

२०२५ सालच्या भाऊबीजेला मी बहिणीकडे पुण्याला गेलो, तो एका हातात मिठाईचा पुडा आणि दुसऱ्या हातात आजारी लॅपटॉप घेऊन. बहिणीनं मला ओवाळलं. लॅपटॉपकडे भाच्यानं पाहिलं. भाचा कॉम्प्युटर इंजिनियर आहे. त्यानं लॅपटॉपचं झाकण उघडलं, पोटाखाली हात घालून ताप पाहिला आणि डॉक्टर लोक नातेवाइकांना पॅसेजमध्ये बोलावून सांगतात त्या आवाजात म्हणाला, "मामा, हे मरतंय ते चार क्रॉस-प्लॅटफॉर्म ॲप्समुळं. नेटिव्ह वापरा."

क्रॉस-प्लॅटफॉर्म म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे फक्त दादर येतं. गेली वीस वर्षं मी रोज दादरला गाडी बदलतो. तिथले प्लॅटफॉर्म क्रॉस करणं हा माझा एकमेव व्यायाम. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या बाजूचे नंबर बदलून ते आठपासून पुढे मोजायला लागले, तेव्हा माझ्या डोळ्यांची फार पंचाईत झाली. पायांची मुळीच झाली नाही. पाय पाट्या वाचत नाहीत. ते आपले वर्षानुवर्षांच्या सवयीनं योग्य जिन्यावर चढतात. (ही पायांची गोष्ट लक्षात असू द्या. पुढे हातांच्या वेळी उपयोगी पडणार आहे.)

'नेटिव्ह' या शब्दाचीही मला गंमत वाटली. आमच्या पणजोबांच्या वेळी साहेब हा शब्द वापरायचा तो आपल्याला आत सोडायचं नाही एवढ्यासाठी. आता भाच्याच्या तोंडी तोच शब्द 'अस्सल तूप' या चालीवर आला. शब्दांचेही दिवस फिरतात. बँकेत आमचे फिरायचे तेवढे राहिलेत.

भाच्यानं मग मला दोन ओळींत समजावलं. नेटिव्ह म्हणजे एकाच घरासाठी बनवलेलं सॉफ्टवेअर. विंडोजचं असेल तर विंडोजच्याच बोलीत बोलणारं, तिचीच बटणं, तिच्याच खिडक्या वापरणारं. क्रॉस-प्लॅटफॉर्म म्हणजे एकदा लिहायचं आणि विंडोज, मॅक, लिनक्स असं तिन्ही घरी धाडायचं. झालं. या दोन ओळींवर लोक एकमेकांशी जन्माचं वैर धरतात म्हणे.

मी बी.कॉम. मला प्रोग्रॅम लिहिता येत नाही. तेव्हा या विषयावर टीका करण्याचा अधिकार मला काय, असं कुणी विचारील. पण आमटी करता न येणाऱ्यालाही आमटी खारट झालेली कळते. लग्नाला वीस वर्षं झाली असतील तर तो बोलत नाही, एवढंच. सॉफ्टवेअरशी माझं लग्न झालेलं नाही. तेव्हा बोलतो.

प्रथम रुग्णाचा इतिहास. लॅपटॉप २०१७ सालचा. मेमरी चार जीबी. चार जीबी म्हणजे जुन्या चाळीतल्या दोन खोल्या समजा. पुढच्या खोलीत विंडोज स्वतः राहते, आणि ती काही अंगानं लहान नाही. उरलेल्या एका खोलीत आम्हा सर्वांचा संसार. या संसारात माझं एक हिशोबाचं सॉफ्टवेअर होतं. मी आमच्या सोसायटीचा खजिनदार आहे. (बँकेत नोकरी करतो हे सोसायटीत कळू देऊ नये. मला उशिरा कळलं.) हे हिशोबाचं सॉफ्टवेअर २००८ साली घेतलेलं, पक्कं नेटिव्ह. पापणी लवते न लवते तोच उघडायचं. घरातल्या जुन्या माणसासारखं, घरच्याच भांड्यात चहा करून घेणारं आणि भांडं विसळून ठेवणारं.

मग पाहुणे आले. एक टिपणं ठेवणारा, एक निरोप पोचवणारा, एक गाणी म्हणणारा आणि एक आठवणी करून देणारा. प्रत्येक जण दिसायला चटपटीत, गोल गोल कोपऱ्यांचा. पण यातला प्रत्येक पाहुणा येताना स्वतःची चूल, स्वतःचं सरपण, स्वतःचा पाट्यावरवंटा आणि स्वतःचा पाण्याचा पिंप घेऊन आला होता. मी अतिशयोक्ती करत नाही. या जातीच्या सॉफ्टवेअरच्या पोटात एक अख्खा ब्राउझर असतो. चार ओळींचं टिपण दाखवायला चार खंडांचं इंटरनेट दाखवू शकणारं यंत्र. नुसतं 'नमस्कार' म्हणणारं रिकामं सॉफ्टवेअर या पद्धतीनं बनवलं तरी डिस्कवर ते शंभर एमबीच्या वर जातं. आणि पाहुणे चार असले तर चुली चार. एकाची चूल दुसऱ्याला चालत नाही. सोवळं फार कडक.

एकदा मी टास्क मॅनेजर उघडून पाहिलं. टिपणं ठेवणारा गृहस्थ एकटाच आला होता ना? आत पाहतो तर त्याच्या नावाची पाच माणसं पंगतीला बसलेली. एक जण खिडकी सांभाळतो, एक चित्रं रंगवतो, एक जण बाहेर निरोप ठेवतो, आणि उरलेले दोघे काय करतात हे मला अजून कळलेलं नाही. आमच्या शाखेतही असे दोघे आहेत, म्हणून मी फार खोलात गेलो नाही.

या चुलीची कुळकथा मोठी मजेची आहे. गिटहब या कंपनीनं 'ॲटम' नावाचं, प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठीचं एक सॉफ्टवेअर करायला घेतलं. त्यासाठी २०१३ साली ब्राउझरची मोट बांधून एक सांगाडा उभा करायला घेतला. त्या सांगाड्याचं २०१५ साली 'इलेक्ट्रॉन' असं बारसं झालं. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये ॲटम बंद करण्यात आलं. म्हणजे ज्या कार्यासाठी मांडव घातला ते कार्य आटोपलं, पण मांडव गावभर भाड्यानं फिरतोच आहे. स्लॅक त्याच मांडवात, डिस्कॉर्ड त्याच मांडवात, मायक्रोसॉफ्टचं व्हीएस कोडही त्याच मांडवात. यातलं शेवटचं तर प्रोग्रॅमर मंडळींचं भलतंच लाडकं आहे, असं भाचा म्हणाला. खुद्द विंडोज बनवणाऱ्या कंपनीनंच आपल्या घरात दुसऱ्याची चूल मांडावी, यावर मी काही बोललो नाही. सणाचा दिवस होता.

तर सप्टेंबर २०२५ मध्ये आमच्या सोसायटीची वार्षिक सभा भरली. स्थळ, खालचं पार्किंग. लॅपटॉप मी एका टीव्हीला जोडला होता. इतिवृत्त टिपणं ठेवणाऱ्या पाहुण्याकडे होतं. सभेला ऐनवेळचे विषय सुरू झाले आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजी उभ्या राहिल्या. त्यांचं म्हणणं जुनंच. २०१३ साली मोठ्या दुरुस्तीच्या निधीचे पंधरा हजार रुपये त्यांनी रोख भरले. पावती त्यांच्याजवळ नाही. सोसायटीच्या पुस्तकात त्यांच्या नावे जमा नाही. बारा वर्षं त्यांच्या बिलात ही थकबाकी येते आणि बारा वर्षं त्या ती सोडून बाकीचे पैसे भरतात. मागे दोन सभांत या विषयावर काय ठरलं ते टिपणांत होतं. मी टिपण उघडायला गेलो. पडद्यावर एक चक्र फिरू लागलं. मग पाहुण्यानं कळवलं की तो स्वतःला अद्ययावत करून घेतो आहे. चूल नवी येत होती! साठ सभासद खुर्च्यांवर बसून एक चक्र फिरताना पाहत होते. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ मोठ्यानं म्हणाले, "पैसे भरले असते तर सापडले नसते का?" आजी काही न बोलता बसल्या. चक्र फिरत राहिलं. पाणी-पुरवठ्याचा विषय निघाला आणि त्यात आजींचा विषय वाहून गेला.

तेव्हापासून माझा या चुलीवाल्यांवर दात आहे.

आता आमच्या धंद्याच्या भाषेत माझी तक्रार मांडतो. तीन घरांसाठी तीन स्वयंपाक करायचे तर तीन आचारी ठेवावे लागतात. तीन पगार. एकच स्वयंपाक करून डबे तिन्हीकडे पाठवले तर एक पगार. कंपनीच्या पुस्तकात 'खर्चात बचत' जमा झाली. पण डबल एंट्रीचा नियम असा की एका बाजूला जमा पडली की दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी नावे पडते. ती पडली माझ्या चार जीबीच्या नावे. थोडी कंपनीच्या नावे, लाखो गिऱ्हाइकांच्या नावे पुष्कळ. आणि या व्हाउचरवर माझी सही कुणी घेतली नाही.

हे टाळता येत नाही असंही नाही. मायक्रोसॉफ्टनं २०२३ साली टीम्स नव्यानं काढलं. इलेक्ट्रॉनची चूल काढली आणि विंडोजच्या घरात एज ब्राउझरची जी चूल आधीपासून आहे तिच्यावरच ते शिजवलं. वेग दुप्पट होईल आणि मेमरी निम्मी लागेल, असं कंपनीनंच जाहीर केलं. ऐकायला गोड वाटतं. पण बँकेतला माणूस हे वाक्य उलट बाजूनं वाचतो. म्हणजे इतके दिवस दुप्पट खात होतात तर! व्हॉट्सॲपचा प्रवास याहून मौजेचा. २०१६ साली ते डेस्कटॉपवर आलं ते चूल घेऊन. २०२२ साली विंडोजसाठी त्याला खरंखुरं नेटिव्ह रूप दिलं. लोक सुखावले. आणि २०२५ साली ते रूप काढून पुन्हा वेबच्याच पानाला चौकट लावून दिली. घरी स्वयंपाक सुरू करायचा, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून वाहवा घ्यायची आणि तीन वर्षांनी पुन्हा डबा लावायचा, अशातला प्रकार.

'एकदा लिहा, कुठेही चालवा' ही कल्पना तशी जुनी. सन कंपनीनं १९९५ साली जावा आणली ती हीच आरोळी देत. पुढे प्रोग्रॅमर लोकच तिला 'एकदा लिहा, सगळीकडे निस्तरा' म्हणायला लागले. मी निस्तरणाऱ्यांपैकी एक. एका सरकारी खात्याचा फॉर्म भरायला असं जावाचं सॉफ्टवेअर होतं. ते उघडलं की पडद्यावर एक करडा-जांभळा चौकोन यायचा. तो विंडोजचा वाटायचा नाही, मॅकचा वाटायचा नाही, या पृथ्वीवरचाच वाटायचा नाही. फॉर्म जतन करायला गेलं की फाइली दाखवणारी खिडकीसुद्धा त्याची स्वतःची. त्यात माझा डेस्कटॉप कुठे आहे हे शोधायला मला एक मार्च महिना लागला. सर्वांच्या घरी जाणारा हा माणूस कुणाच्याच घरचा नव्हता.

इथं मी हातांकडे येतो. विंडोजमध्ये 'ओके' डावीकडे असतं आणि 'कॅन्सल' उजवीकडे. मॅकवर उलट. लिनक्सच्या काही घरांत मॅकसारखं, काहींत विंडोजसारखं. माणूस हे वाचत नाही. त्याचा हात जातो. दिवसाला तीनशे व्हाउचरं पास करणाऱ्या कारकुनाचा हात म्हणजे दादरच्या जिन्यावरचे पाय. आता पाहुण्यानं काय करावं? ज्या घरी जाईल तिथली चाल पाळावी. देश तसा वेश. आणि असे पाहुणे आहेत बरं का! नॉर्वेच्या एका कंपनीनं १९९५ साली 'क्यूटी' नावाचा एक संच बाहेर काढला. त्यानं बनवलेलं सॉफ्टवेअर ज्या घरी जाईल तिथल्या रिवाजाप्रमाणे ही बटणं आपली आपण डावी-उजवी करून घेऊ शकतं. पॅरिसच्या एका कॉलेजात १९९६ साली विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं व्हीएलसी पाहा. विंडोजवर आणि लिनक्सवर ते या क्यूटीच्या कपड्यांत असतं. मॅकवर गेलं की मॅकचे कपडे घालतं. पोटातलं सिनेमा फिरवायचं यंत्र मात्र सगळीकडे एकच. क्रॉस-प्लॅटफॉर्म म्हणून सरसकट शिव्या देणाऱ्यांनी (म्हणजे सभेनंतरच्या मी) हे पाहायला हवं होतं.

उलट नेटिव्ह म्हणजे घरासारखं दिसणारच असंही नाही. आमच्या टॅलीचं उदाहरण घ्या. १९८६ साली सुरू झालेल्या बंगळूरच्या कंपनीचं हे अपत्य पूर्वी डॉसवर चालायचं, आता फक्त विंडोजवर चालतं. म्हणजे नेटिव्हच. पण विंडोजच्या चालीरीतींशी त्याचा संबंध यथातथाच. त्याचं सगळं कीबोर्डावर. एफ-पाचला पेमेंट, एफ-सहाला रिसीट, एफ-सातला जर्नल. रूप बदललं, आवृत्त्या आल्या, एफ-पाच जागचं हललं नाही. कॉमर्सच्या दोन पिढ्यांची बोटं त्यावर पोसली. माऊस मेला तरी वर्षअखेर अडत नाही. तेव्हा माझं मत असं, की सॉफ्टवेअर कोणत्या कुळातलं आहे हे गिऱ्हाईक विचारत नाही. माझ्या हातांची सवय मोडतं का आणि माझ्या घरात जागा किती अडवतं, हे दोनच प्रश्न तो विचारतो. हे मत मी भाच्याला ऐकवलं. तो म्हणाला, "मामा, तिसरा प्रश्न राहिला. उद्या घर बदललं तर?"

घर तर बदलावंच लागणार होतं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची देखभाल संपली. विंडोज ११ माझ्या लॅपटॉपच्या प्रोसेसरला दारात उभं करीना. लॅपटॉप चालतोय, पण घरमालकानं 'आता गळलं तर आम्ही जबाबदार नाही' अशी नोटीस लावलेली. भाच्यानं तोडगा काढला, लिनक्स मिंट घालू. फुकट आहे, अंगानं हलकं आहे. मी म्हटलं, "घाल. पण माझं हिशोबाचं सॉफ्टवेअर?"

आणि इथं माझं लाडकं, चुणचुणीत, पापणी लवताच उघडणारं नेटिव्ह सॉफ्टवेअर उघडं पडलं. ते विंडोजखेरीज कुठेच चालत नाही. बनवणाऱ्याला फोन लावला. नंबर अस्तित्वात नव्हता. दुकान कधीच बंद झालं होतं. सोसायटीचे सतरा वर्षांचे हिशोब त्या एका सॉफ्टवेअरच्या पोटात, आणि ते सॉफ्टवेअर त्या एका घराच्या भिंतीत चिणलेलं.

"काळजी करू नका," भाचा म्हणाला. "आपण वाइन लावून बघू."

स्वयंपाकघरातून बहीण झाऱ्यासकट बाहेर आली. "भाऊबीजेच्या दिवशी?"

वाइन हे लिनक्सवर विंडोजची सॉफ्टवेअरं चालवायचं एक साधन आहे, १९९३ पासूनचं, आणि त्यात पिण्यासारखं काही नाही, हे तिला पटवण्यात अर्धा तास गेला. तोवर चकल्या करपल्या. वाइननं मात्र काम केलं. सॉफ्टवेअर थोडं झिंगल्यासारखं उभं राहिलं आणि भाच्यानं त्यातून सगळा डेटा साध्या फाइलीत काढून घेतला. आकडे नीट आले. फक्त 'तपशील' या रकान्यात सारी गिचमिड. उलटं प्रश्नचिन्ह, पाउंडाचं चिन्ह, डोक्यावर टोपी घातलेले रोमन ए.

"हे मला माहीत आहे," मी म्हटलं. "ते आधीपासून तसंच दिसतं."

त्याची गोष्ट अशी. माझ्या आधी खजिनदार होते तळमजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर. २००८ ते २०१८ त्यांनी हिशोब लिहिले. मास्तर तपशील मराठीतच लिहीत. 'पंप दुरुस्ती' एवढ्यावर त्यांचं भागत नसे. 'पंप दुरुस्ती, सहा महिन्यांत तिसऱ्यांदा, मेकॅनिकाच्या हेतूबद्दल शंका' असं साग्रसंगीत. त्यासाठी त्यांच्या संगणकावर एका जुन्या मराठी फाँटचं पॅकेज होतं, मागे डोंगल लावलेलं. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ सालीच आली होती. पण आपल्याकडे पुढे कितीतरी वर्षं असले फाँट चालले. त्यांत पोटात रोमन अक्षरांचे आकडे, वर मराठीचा मुखवटा. मुखवटा काढला की खाली पाउंड आणि टोपीवाले ए. मास्तर २०१९ मध्ये गेले. संगणक भंगारात गेला, डोंगल कुठे गेलं देव जाणे. हिशोब माझ्या लॅपटॉपवर आले ते बिनमुखवट्याचे. आकडे जुळत होते. बँकेचा माणूस आकडे जुळले की झोपतो.

भाच्यानं ब्राउझर उघडला. कुणा भल्या माणसानं असल्या जुन्या फाँटांतला मजकूर युनिकोडात बदलून देणारं एक पान करून ठेवलं होतं. ते पान विंडोजवर चालतं, मॅकवर चालतं, मोबाइलवरही चालतं. म्हणजे क्रॉस-प्लॅटफॉर्मचा पणजोबाच. त्यानं गिचमिडीचा एकेक रकाना त्यात ओतला आणि पडद्यावर मास्तर बोलायला लागले.

मी पाहतच राहिलो. अक्षर न् अक्षर शुद्ध. याआधी मी मराठी दाखवणारी काही छोटी नेटिव्ह सॉफ्टवेअरं वापरली होती. त्यांत जोडाक्षरांचे पाय मोडलेले, वेलांट्या भलत्याच अक्षराच्या गळ्यात. 'दऱ्या' लिहिलं की 'दर्या' व्हायचं. डोंगरातला माणूस थेट समुद्रात! म्हणून तर लोक मधे आडवी रेघ मारून 'दुस-या' असलं काहीतरी लिहायला शिकले. मास्तरांच्या समोर कुणी तसं लिहिलं असतं तर त्यांनी बाकावर उभं केलं असतं. याउलट ब्राउझरच्या पोटात अक्षरं जुळवणारं 'हार्फबझ' नावाचं यंत्र असतं आणि ते मराठीचं ऱ्य बरोबर काढतं. लिबरऑफिसनंही २०१७ पासून सगळ्या घरांत हेच यंत्र बसवलं. म्हणजे माझे ते चुलीवाले पाहुणे जी अवजड चूल घेऊन येत होते, तिच्यात आपल्या भाषेचं तवा-पोळपाट फुकट येत होतं. आठदहा माणसांच्या कुठल्या कंपनीनं केवळ मराठीसाठी ते वेगळं घडवलं असतं? मी टिपणं ठेवणाऱ्या पाहुण्याला मनातल्या मनात थोडी माफी दिली. पुरी दिली नाही. पाच माणसं पंगतीला अजून बसतातच.

सगळा हिशोब आम्ही लिबरऑफिसात उघडला. हेही तिन्ही घरी चालणारं, २०१० सालापासूनचं. मी वर्षवार खाली उतरत गेलो. २०१३-१४. तिथं सस्पेन्स खातं होतं. ज्या पैशांचा बाप सापडत नाही ते पैसे आम्ही सस्पेन्समध्ये टाकतो. प्रत्येक वर्षीच्या ताळेबंदात मी ते पाहत आलो होतो. पंधरा हजार रुपये. ऑडिटर दर वर्षी त्यावर खूण करायचा, मी दर वर्षी 'तपशील उपलब्ध नाही' लिहायचो. शेजारच्या रकान्यात सात वर्षं पाउंड आणि टोपीवाले ए होते. आता तिथं लिहिलं होतं:

'तिसऱ्या मजल्यावरील बाईंकडून मोठ्या दुरुस्तीपोटी रोख. पावतीपुस्तक संपले आहे. नवीन आले की पावती देणे. विसरू नये.'

मास्तर विसरले होते. 'तिसऱ्या'तलं ऱ्य मात्र अगदी जिथल्या तिथं.

मी भाच्याला काही बोललो नाही. त्याला वाटलं, मामाला लिनक्स आवडलेलं दिसत नाही. बहिणीनं करपलेल्या चकल्यांतल्या बऱ्या चकल्या निवडून डब्यात भरून दिल्या.

मुंबईला आल्यावर सेक्रेटरींना घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेलो. कागद छापून नेला होता. आजींनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "हेडमास्तरच ते. 'विसरू नये' लिहून ठेवायचे आणि विसरायचे. दुधाचंही तसंच." आत जाऊन त्या चहा ठेवू लागल्या. सेक्रेटरी मला हळूच म्हणाले, "दुसऱ्या मजल्याला हे कुणी सांगायचं?" खजिनदारानं, असं ठरलं.

रात्री मी जमाखर्चाची नोंद करायला बसलो. सस्पेन्स खातं नावे, आजींचं खातं जमा, रुपये पंधरा हजार फक्त. तपशिलात मास्तरांचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं. फाइल साठवायची खिडकी आली. तळाशी दोन बटणं. हात वीस वर्षांच्या सवयीनं डावीकडच्या बटणावर गेला.

तिथं 'कॅन्सल' होतं.